चिखलणीसाठी केज व्हील : निवड, वापर आणि दक्षता

(धान उत्पादकांच्या खरीपपूर्व मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मृगाच्या पावसावर पऱ्हे टाकले की धान उत्पादकाच्या डोक्यात एकच विचार सुरू होतो, तो चिखलणीचा. आर्द्रा आणि पुनर्वसू नक्षत्रात बांध्यांत पाणी साचते. पऱ्हे रोवणीला येतात, मजूर ठरलेले असतात, आणि गावातील मोजक्या ट्रॅक्टरांची वाट सगळेच पाहत असतात. बैलजोड्या कमी झाल्यामुळे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत चिखलणीचे बरेचसे काम आता ट्रॅक्टरवर आले आहे. कोकणातील खाचरांत पॉवर टिलरने तीच जागा घेतली आहे.

या घाईच्या दिवसांत दोन गोष्टी नेहमी घडतात. एक, ट्रॅक्टर बांधीत फसतो आणि अर्धा दिवस वाया जातो. दुसरी, फसलेला ट्रॅक्टर जोर लावून काढण्याच्या प्रयत्नात तो मागे उलटतो आणि चालक त्याखाली सापडतो. पहिली गोष्ट नुकसानीची आहे, दुसरी जिवावर बेतणारी आहे. दोन्हींचा संबंध चाकांच्या पकडीशी आहे. म्हणून चाकाला कोणते केज व्हील लावावे, कसे वापरावे, आणि कोणत्या वेळी ते असूनसुद्धा काम थांबवावे, याविषयी आज आपण विचार करू.

चाक का घसरते?

ट्रॅक्टर पुढे जातो तो मागच्या चाकांनी जमिनीला मागे रेटल्यामुळे. कोरड्या शेतात टायरवरील नक्ष्या मातीत रुततात, माती त्यांना आधार देते आणि ट्रॅक्टर पुढे सरकतो. पाणी भरलेल्या बांधीत वरची माती लोण्यासारखी मऊ झालेली असते. ती आधार देत नाही. शिवाय चिकण मातीचा चिखल नक्ष्यांमधील खाचांत भरतो आणि थोड्याच वेळात टायर गुळगुळीत होतो. असे चाक जागेवर फिरत राहते आणि प्रत्येक फेऱ्यात स्वतःखालची माती उकरून आणखी खाली जाते.

हाच प्रश्न थंड प्रदेशात बर्फामुळे येतो. काश्मीरमध्ये टंगमर्गहून गुलमर्गला जाणाऱ्या रस्त्यावर हिवाळ्यात वाहनांच्या चाकांना लोखंडी साखळ्या गुंडाळतात. साखळीच्या कड्या बर्फात रुततात आणि गुळगुळीत टायरला पकड मिळते. तेथील चालक काही नियम कटाक्षाने पाळतात. साखळी ज्या चाकांना इंजिनची ओढ मिळते त्याच चाकांना लावतात, आणि दोन्ही बाजूंना सारखी लावतात. थोडे अंतर गेल्यावर थांबून ती पुन्हा ताणतात. वेग कमी ठेवतात. बर्फ संपून मोकळी सडक लागली की साखळी काढून ठेवतात. आपले केज व्हील हे चिखलासाठी त्याच कामाचे साधन आहे, आणि हे सर्व नियम त्यालाही तंतोतंत लागू पडतात.

दोघांत एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. बर्फाखाली पक्की सडक असते. चिखलाखाली काय आहे हे बांधीत उतरून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आधी बांधी तपासा

ज्या बांधीत वर्षानुवर्षे चिखलणी झाली आहे, तेथे साधारण १५ ते २० सेंटिमीटर खोलीवर मातीचा एक घट्ट थर तयार झालेला असतो. हा थर पाणी झिरपू देत नाही आणि ट्रॅक्टरचे वजनही तोच पेलतो. केज व्हीलच्या पट्ट्या वरचा चिखल कापून या थरावर टेकतात, तेव्हाच खरी पकड मिळते. थर खोल असेल किंवा मुळीच नसेल तर कोणतेही केज व्हील ट्रॅक्टरला तारू शकत नाही.

माजी मालगुजारी तलावांच्या पाळीखालच्या बांध्या, बोडीच्या पोटातील जमीन, नाल्याकाठची नवी बुजवलेली जागा, तसेच जेथे मागील उन्हाळ्यात माती काढली किंवा टाकली आहे अशा ठिकाणी हा थर भरवशाचा नसतो. अशी बांधी पुढीलप्रमाणे तपासावी.

एक सरळ काठी किंवा लोखंडी पहार घ्यावी. तिच्यावर १० सेंटिमीटर अंतरावर खुणा कराव्यात. बांधीत चालत जाऊन चारी कोपरे, मध्य आणि पाणी आत येण्याची जागा अशा सहा ठिकाणी ती हाताच्या सारख्या जोराने दाबावी. ज्या खोलीवर ती अडते तेथे घट्ट थर आहे असे समजावे. बहुतेक ट्रॅक्टरच्या पोटाखाली ३५ ते ४० सेंटिमीटर मोकळी जागा असते. चिखल तितका खोल असेल तर ट्रॅक्टरचे पोट चिखलावर टेकते, चाकांवरचा भार जातो आणि चाके नुसती फिरत राहतात. म्हणून काठी २० सेंटिमीटरच्या आसपास अडत असेल तर निर्धास्त काम करावे. २० ते ३० सेंटिमीटरपर्यंत जात असेल तर केज व्हील लावूनच आणि सावधपणे काम करावे. त्यापेक्षा खोल जात असेल तर त्या जागी ट्रॅक्टर घालू नये. तेवढा भाग पॉवर टिलरने किंवा बैलांनी करून घ्यावा.

बांधीतील खोल जागा सापडली की तेथे तुराटीची किंवा बांबूची काडी रोवून वर फडके बांधावे. भाड्याने येणाऱ्या चालकाला तुमच्या बांधीची माहिती नसते. ही खूण पाच मिनिटांचे काम आहे आणि ती करणे शेतमालकाची जबाबदारी आहे.

केज व्हीलचे प्रकार

अर्धे केज व्हील : हे रबरी टायर न काढता त्याच्या बाहेरच्या बाजूने जोडतात. याचा व्यास टायरपेक्षा थोडा कमी असतो. त्यामुळे घट्ट जमिनीवर भार टायरवरच राहतो, आणि टायर चिखलात थोडा खाली गेला की केज व्हीलच्या पट्ट्या काम करू लागतात. ३५ ते ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला सर्वसाधारणपणे १२.४-२८ किंवा १३.६-२८ आकाराचे टायर असतात. यांतील पहिला आकडा टायरची इंचातील रुंदी दाखवतो. १३.६ इंच म्हणजे सुमारे ३४ सेंटिमीटर. त्याला ३० सेंटिमीटर रुंदीचे अर्धे केज व्हील जोडले तर चिखलावर टेकणारी रुंदी जवळजवळ दुप्पट होते, आणि तोच भार जास्त जागेवर विभागला जातो. आपल्याकडील बहुसंख्य बांध्यांसाठी हा प्रकार पुरेसा आहे.

पूर्ण केज व्हील : यात रबरी चाक काढून त्या जागी पूर्ण लोखंडी चाक बसवतात. चिखलात त्याची पकड सर्वांत चांगली असते आणि माती दोन पट्ट्यांमधून निसटून जात असल्यामुळे चाक भरत नाही. परंतु असा ट्रॅक्टर बांधीबाहेर निरुपयोगी होतो. एका जागी सलग मोठे क्षेत्र असेल, चिखल खोल असेल आणि ट्रॅक्टर आठवडाभर तेथेच राहणार असेल, तरच पूर्ण केज व्हीलचा विचार करावा.

पॉवर टिलरची लोखंडी चाके : कोकणातील लहान खाचरांसाठी, तसेच आपल्याकडील पाच-सात गुंठ्यांच्या बांध्यांसाठी हेच साधन सोयीचे आहे. यंत्र हलके असल्यामुळे ते खोल रुतत नाही आणि धुरे तुटत नाहीत.

ज्यांच्याकडे चारही चाकांना ओढ असलेला ट्रॅक्टर आहे त्यांनी एक काळजी घ्यावी. अशा ट्रॅक्टरमध्ये पुढच्या व मागच्या चाकांच्या व्यासाचे प्रमाण कारखान्यात ठरवलेले असते. मागे वेगळ्या व्यासाचे पूर्ण केज व्हील लावून पुढची ओढ चालू ठेवली तर दोन्ही चाके एकमेकांशी झगडतात आणि गिअर व शाफ्टवर ताण येतो. त्यांनी टायरपेक्षा कमी व्यासाचे अर्धे केज व्हीलच वापरावे, अथवा कंपनीने सांगितलेल्या मापाचेच चाक घ्यावे.

खरेदी करताना काय पाहावे?

केज व्हील बहुधा तालुक्याच्या ठिकाणी वेल्डिंगच्या दुकानात तयार करून मिळते. ते घेताना खालील गोष्टी पाहाव्यात.

१) जोडीतील दोन्ही चाकांचा व्यास, रुंदी, वजन आणि पट्ट्यांची संख्या सारखी असावी. एक चाक जुने आणि एक नवे अशी जोडी लावू नये. ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो.

२) व्यास ठरवताना दुकानदाराला आपल्या टायरचे प्रत्यक्ष माप द्यावे. टायर झिजलेला असेल तर त्याचा व्यास कमी झालेला असतो. नव्या टायरच्या मापाने केलेले केज व्हील अशा वेळी घट्ट जमिनीवरही टेकते, आणि ज्या ॲक्सलवर त्याचा भार यायला नको तेथे तो येतो.

३) रुंदीचा हव्यास धरू नये. केज व्हील जितके बाहेर जाईल तितका ॲक्सलवर पिळाचा व वाकवण्याचा ताण वाढतो. धुऱ्याजवळ वळतानाही ते अडते.

४) टायरची बाजू आणि केज व्हीलची आतली रिंग यांत पुरेशी फट असावी. फट नसेल तर चिखल व खडे तेथे अडकून टायरची बाजू कापली जाते.

५) पट्ट्यांचे वेल्डिंग दोन्ही बाजूंनी सलग असावे. टोकाला टिपके देऊन जोडलेली पट्टी पहिल्याच हंगामात निखळते, आणि चिखलात पडलेली पट्टी पुढे कोणाच्या तरी पायात जाते.

चाक बसविण्याची पद्धत

केज व्हील नेहमी घरी किंवा कोरड्या, सपाट व टणक जागी बसवावे. जागेअभावी धुऱ्यावर बसवायचे झाल्यास जॅकखाली जाड फळी ठेवावी. पुढची चाके दगड किंवा लाकडी ठोकळ्याने अडवावीत, गिअर टाकावा आणि हाताचा ब्रेक लावावा. ट्रॅक्टर केवळ जॅकवर असताना त्याखाली हात किंवा पाय घालू नये. ॲक्सलखाली लाकडी ठोकळ्यांचा आधार द्यावा.

पट्ट्यांचा कल पाहून डावे व उजवे चाक ओळखावे. उलटसुलट लागल्यास माती बाहेर फेकली जाण्याऐवजी आत भरते. बोल्ट समोरासमोरचे एकाआड एक असे आवळावेत, म्हणजे चाक सरळ बसते. पहिला अर्धा तास काम झाल्यावर थांबून सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत. हे काम बरेच चालक टाळतात. सैल बोल्टवर चाललेले केज व्हील रिमची भोके मोठी करते आणि मग दोन्ही वाया जातात.

उन्हाळी नांगरणीसाठी मागच्या टायरमध्ये पाणी भरलेले असेल तर चिखलणीपूर्वी ते काढून टाकावे. टायरच्या आकाराप्रमाणे एका टायरमध्ये सुमारे दीडशे ते सव्वादोनशे लिटर पाणी असते. म्हणजे तेवढेच किलो वजन आपण विनाकारण चिखलात घालतो. मागच्या चाकांवरील लोखंडी वजनेही उतरवावीत. पुढील बाजूस लावलेली वजने मात्र काढू नयेत. रोटाव्हेटर उचलला की पुढचा भाग हलका होतो, आणि ही वजने तो खाली धरून ठेवतात.

प्रत्यक्ष चिखलणी करताना

पहिली नांगरणी झालेल्या बांधीत ५ ते ८ सेंटिमीटर पाणी साठवून ढेकळे एक-दोन दिवस भिजू द्यावीत. भिजलेले ढेकूळ सहज फुटते. घाईने कोरड्या ढेकळांवर पाणी सोडून लगेच रोटाव्हेटर घातला तर ढेकळे फुटत नाहीत, ती नुसती ढकलली जातात. पाणी फार जास्त ठेवल्यास माती पाण्यात तरंगते आणि यंत्राची पाती पाणीच घुसळतात.

बांधीत उतरताना धुरा नेहमी काटकोनात ओलांडावा. तिरपे गेल्यास एक चाक वर आणि एक खाली होऊन ट्रॅक्टर कुशीवर उलटतो. धुरा उंच असेल तर आधीच मातीचा उतार करून घ्यावा. पहिला गिअर, कमी वेग आणि सारखी चाल ठेवावी. घसरणाऱ्या चाकाला वेग वाढवून पकड मिळत नाही, ते अधिक उकरते. डिफरन्शियल लॉक फक्त सरळ चालीत, तेही एक चाक फिरू लागल्यावरच वापरावा, आणि वळण्यापूर्वी न विसरता सोडावा.

चाक किती घसरते हे मोजण्याची एक सोपी रीत आहे. मागच्या टायरवर चुन्याने खूण करावी. टणक जागी, अवजार उचलून, चाकाचे १० फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवावा आणि अंतर मोजावे. समजा, ते ४० मीटर भरले. नंतर बांधीत काम करताना त्याच १० फेऱ्यांत किती अंतर कापले ते मोजावे. ते ३२ मीटर आले तर ८ मीटर वाया गेले, म्हणजे घसरण २० टक्के झाली. चिखलात थोडी घसरण राहणारच, आणि तिच्यामुळे माती घुसळली जाऊन चिखलणीला मदतही होते. परंतु अंतर २५ मीटरच्या खाली येऊ लागले तर डिझेलचा मोठा भाग ट्रॅक्टर पुढे नेण्याऐवजी खड्डे पाडण्यात जात आहे असे समजावे. अशा वेळी रोटाव्हेटरची खोली कमी करावी. तरीही फरक पडला नाही तर ती बांधी ट्रॅक्टरसाठी योग्य नाही.

रोवणीसाठी १० ते १५ सेंटिमीटर खोल चिखल पुरेसा असतो. आडव्या-उभ्या दोन पाळ्या आणि शेवटी फळी, एवढ्यावर थांबावे. अधिक पाळ्यांनी चिखल अधिक चांगला होतो हा समज बरोबर नाही. केज व्हीलचे जड लोखंड एकाच खोलीवर वारंवार फिरले की खालचा थर दरवर्षी अधिक दाबला जातो. धानाला तो सोसतो. परंतु धानानंतर उतेरा पद्धतीने घेतलेली लाखोळी व जवस किंवा नांगरून पेरलेला हरभरा यांच्या मुळांना त्याचा अडथळा होतो, आणि जमिनीत राहिलेली ओल त्यांना पुरेशी वापरता येत नाही. ज्यांना रब्बीचे पीक महत्त्वाचे आहे त्यांनी ही गोष्ट खरिपातच लक्षात घ्यावी. दुसऱ्या टोकाला, घट्ट थर फोडण्यासाठी धानाच्या बांधीत सरसकट खोल नांगरट करणेही टाळावे. पुढच्या वर्षी पाणी टिकत नाही आणि ट्रॅक्टर हमखास फसतो.

हलक्या जमिनीत चिखलणीनंतर साधारण एक दिवस आणि भारी जमिनीत दोन दिवस चिखल बसू द्यावा. काडीने ओढलेली रेघ लगेच मिटत असेल तर अजून थांबावे. ती हळूहळू मिटू लागली की रोवणी सुरू करावी.

ट्रॅक्टर फसल्यास

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. तो घरातील ट्रॅक्टर चालवणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगावा.

मागची चाके घट्ट रुतली आहेत आणि चालक पुढचा गिअर टाकून जोर देत आहे असे समजा. इंजिन चाकांना फिरवू पाहते, पण चाके फिरू शकत नाहीत. तो जोर कोठेतरी जायलाच हवा. मग ॲक्सलभोवती चाकाऐवजी ट्रॅक्टरचे धूडच फिरू लागते. पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे चालकाच्या अंगावर येतो. या सगळ्याला दीड सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. क्लच दाबावा हे सुचेपर्यंत सर्व संपलेले असते. केज व्हीलमुळे पकड वाढलेली असते, म्हणून हा धोका कमी होत नाही, उलट वाढतो. नुसता टायर घसरून सुटला असता, तेथे लोखंडी पट्ट्या धरून ठेवतात.

याहून घातक म्हणजे ओंडक्याचा उपाय. फसलेल्या ट्रॅक्टरच्या दोन्ही मागच्या चाकांपुढे आडवा ओंडका ठेवून तो साखळीने चाकांना बांधतात आणि पुढचा गिअर टाकतात. ओंडका चाकाखाली गेला की चाक जागच्या जागी अडते आणि ट्रॅक्टर उभा राहतो. हा उपाय कोणी किती वेळा यशस्वी केला असेल तरी आपण करू नये, आणि आपल्या बांधीत दुसऱ्याला करू देऊ नये.

योग्य क्रम असा आहे.

१) चाक एका जागी फिरू लागताच क्लच दाबून थांबावे. पाऊण चाक रुतेपर्यंत वाट पाहू नये.

२) पी.टी.ओ. बंद करावा. रोटाव्हेटर चिखलातून मोकळा होईल एवढाच उचलावा. तो उचलत नसेल तर इंजिन बंद करून सोडवून ठेवावा.

३) फावड्याने चाकांच्या मागील बाजूचा आणि पोटाखालचा चिखल काढावा. शक्य असल्यास धुरा फोडून पाणी बाहेर सोडावे. चाकांमागे तणस, फांद्या किंवा फळ्या टाकाव्यात. त्या चाकाला बांधू नयेत.

४) आल्या वाटेने मागे यावे. मागचा गिअर टाकून क्लच सावकाश सोडावा. मागे येताना इंजिनचा जोर पुढचा भाग खाली दाबतो, त्यामुळे ट्रॅक्टर पाठीवर उलटण्याचा धोका राहत नाही.

५) तरीही निघाला नाही तर टणक जागेवर उभ्या असलेल्या दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढावे. साखळी लांब आणि मजबूत असावी. ओढणाऱ्या ट्रॅक्टरची साखळी खालच्या ड्रॉबारलाच अडकवावी. टॉप लिंकला किंवा ॲक्सलच्या वर अडकवल्यास ओढणारा ट्रॅक्टरच मागे उलटतो. झटका न देता हळूहळू ताण द्यावा. तुटलेली साखळी किंवा तार चाबकासारखी मागे येते, म्हणून साखळीच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणालाही उभे राहू देऊ नये.

आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरवर उलटल्यास चालकाचे रक्षण करणारी मजबूत चौकट नसते. उन्हासाठी लावलेले पत्र्याचे छत ही ती चौकट नव्हे. नवा ट्रॅक्टर घेताना अशी चौकट आणि आसनाचा पट्टा मिळतो का याची चौकशी अवश्य करावी. चौकट असेल तरच पट्टा बांधावा.

दुर्दैवाने अपघात झालाच तर आधी इंजिन बंद करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. चिखलात अडकलेल्या माणसाचे नाक-तोंड प्रथम मोकळे करावे आणि डोके वर धरून ठेवावे. बांधीत पाणी असल्यास धुरा फोडून ते बाहेर काढावे. दुसऱ्या ट्रॅक्टरने घाईने ओढू नये. जॅक आणि ठोकळे लावून भार थोडा थोडा उचलावा.

तासाचा हिशेब

भाड्याचे काम तासावर चालते. ट्रॅक्टर फसला की तो वेळ कोणाच्या खाती, यावरून बांधावरच वाद सुरू होतो, आणि त्या वादातच चालक जोर लावतो. बऱ्याचदा चालक विशी-बाविशीचा, रात्रपाळी करून आलेला असतो, आणि मालक वरून म्हणत असतो, "एवढी एक बांधी करून टाक." म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच दोघांनी ठरवून घ्यावे की फसलेला वेळ धरायचा नाही, आणि चालकाने "ही बांधी होणार नाही" असे सांगितले तर त्याला आग्रह करायचा नाही. हा करार तोंडी असला तरी चालतो. पण तो आधी झालेला असावा.

चिखलणी चालू असताना मडगार्डवर मुलांना बसवू नये. बेडूक-मासे धरण्यासाठी मुले ट्रॅक्टरच्या मागे चालतात, त्यांना धुऱ्यावर थांबवावे. केज व्हीलची पट्टी आणि रोटाव्हेटरचे पाते यांपुढे सावरायला वेळ मिळत नाही. चालकाने दुपट्टा, उपरणे यांची मोकळी टोके ठेवू नयेत.

रस्त्यावर केज व्हील नको

एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना केज व्हील तसेच ठेवून डांबरी रस्त्यावरून जाण्याची सवय वाढली आहे. अर्ध्या केज व्हीलचा व्यास लहान असला तरी खड्ड्यात, वळणावर आणि कडेला ते टेकतेच. लोखंडी पट्टी डांबर उखडते. ज्या रस्त्यासाठी गावाने वर्षानुवर्षे मागणी केली तो एका पावसाळ्यात खराब होतो. शिवाय लोखंडाला डांबरावर आणि सिमेंटवर पकड नसते, ब्रेक दाबला तरी ट्रॅक्टर घसरत जातो. बाहेर आलेली रुंदी समोरच्या दुचाकीस्वाराला रात्री दिसत नाही. म्हणून शेत संपले की केज व्हील काढून ट्रॉलीत ठेवावे. दोन माणसांना अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे. शेजारच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सलग पट्ट्यातील चिखलणी ओळीने करून घेतली तर हे काम दिवसातून एकदाच करावे लागते.

हंगाम संपल्यावर

रोज संध्याकाळी केज व्हील आणि टायर यांच्यामधील चिखल धुऊन काढावा. हंगाम संपल्यावर मागच्या ॲक्सलचे ऑइल थोडे काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर सीलमधून पाणी आत गेले आहे असे समजून ऑइल व सील बदलावे. ब्रेकमध्ये चिखल गेला असल्यास साफ करून घ्यावा. केज व्हील कोरडे करून, सैल पट्ट्या वेल्ड करून, रंग लावून आडोशाला ठेवावे. बोल्ट एका डब्यात तेल लावून त्याच चाकाला बांधून ठेवावेत, म्हणजे पुढच्या आर्द्रा नक्षत्रात शोधाशोध होत नाही.

थोडक्यात सांगायचे तर, आधी काठीने बांधी तपासा आणि मग चाक निवडा. बहुतेकांना अर्धे केज व्हील पुरते. दोन पाळ्यांवर थांबा. चाक जागेवर फिरू लागले की क्लच दाबा, चिखल काढा आणि मागे या. बांधी राहिली तर उद्या होईल. येत्या आठवड्यात घरातील आणि गावातील ट्रॅक्टर चालवणाऱ्या तरुणांना एकत्र बसवून शेवटचा भाग एकदा वाचून दाखवावा, ही विनंती.